आधी लक्षण, नाव शेवटी

आमच्या घरात गॅस बंद करायला तीन माणसं लागायची. आई शेगडीचं बटण फिरवायची. मी खाली वाकून रेग्युलेटर बघायची आणि मोठ्याने म्हणायची, "बंद हाय." दादा, म्हणजे माझे वडील, ते ऐकायचे, मान हलवायचे, दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. "योगे, नीट बघितला का?" की सगळं पुन्हा पहिल्यापासून. घोटीला आत्याकडे लग्न असलं तर आम्ही पोचेपर्यंत अक्षता पडून पंगती बसलेल्या असायच्या.

दादा घोटीजवळच्या खेड्यातून दहावी करून सातपूरला आले आणि एका छोट्या कारखान्यात चेकिंगला लागले. तिथे गाड्यांना लागणारे आखूड नळीसारखे लोखंडी बुश बनायचे. प्रत्येक बुशच्या भोकात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचा, बरोबर असेल तर पुढे, नसेल तर रिजेक्ट, हे त्यांचं काम. दादांच्या हातून गेलेला माल कधी परत आला नाही. कारण दादा एकेक बुश पुन्हा पुन्हा तपासायचे. शेठने त्यांचा सत्कार केला, भिंतीवरचं घड्याळ दिलं, नोटीस बोर्डावर फोटो लावला. बाकीच्या कामगारांना सांगितलं, "काम असं करा, उगल्यांसारखं." आम्ही ते घड्याळ आल्यागेल्याला दाखवायचो. घरात आजार आला होता आणि आम्ही त्याचे पेढे वाटले.

पुढे दादांच्या टेबलावर माल साचायला लागला. बाहेर टेम्पो उभा आणि दादांचं तपासून होईना. त्यांच्या मनात एकच यायचं, की आपल्या हातून एखादा खराब बुश जाईल, कुठेतरी गाडीचा ब्रेक लागणार नाही आणि लेकरंबाळं मरतील. हे खोटं आहे हे त्यांना कळायचं, पण थांबवता यायचं नाही. शेठने त्यांना पॅकिंगला टाकलं, तर तिथे ते चिकटवलेले खोके उघडायचे. पहिली पाळी सुटल्यावर सायकल मारत घरी यायचे आणि चपला न काढताच पुन्हा कारखान्याकडे निघायचे. शेवटी शेठ म्हणाले, "उगले, घरी बसा. बरं वाटलं की या. जागा ठेवतो, पण किती ठेवू ते मलाही माहीत नाही."

मामा म्हणाला, त्या फोटोला नजर लागली. आईने मीठमिरच्यांनी दादांची दृष्ट काढली आणि मग त्या घड्याळाचीही काढली. मिरच्यांचा ठसका उठला तेव्हा तिला जरा बरं वाटलं. दादांना काही वाटलं नाही. आई कंपन्यांतल्या पोरांचे डबे करायला लागली. माझी बारावी झाली होती आणि नातेवाईक माझ्यासाठी स्थळं सुचवत होते, कारण घरात कमावतं माणूस नाही म्हटल्यावर पोरीचं शिक्षण आधी बंद होतं, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही.

तरी मी कॉलेजला गेले. मानसशास्त्र घेतलं ते आवडीने नाही. त्याचा तास सकाळी असायचा आणि दुपारी मला डबे पोचवायचे असायचे, एवढंच.

आणि तिथे आहिरे मॅडम भेटल्या.

मॅडम बुटक्या, सावळ्या. साडी नेहमी सुती आणि जरा वर खोचलेली, पायात खेळाचे पांढरे बूट. पोरी हसायच्या, तर त्या म्हणायच्या, "माझे पाय मोठ्यांदा दुखतात, तुम्ही बारीक हसा." मूळच्या सटाण्याकडच्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण कुणी रडत आलं की त्यांची भाषा एकदम घरी, अहिराणीत जायची. "काय व्हयनं माय?" असं त्यांनी विचारलं की निम्मं रडू तिथेच थांबायचं. त्यांची दुसरी सवय म्हणजे प्रश्न विचारला की खुर्चीत बसायचं. उत्तर आल्याशिवाय उठायच्या नाहीत. वर्गात शांतता झाली तरी त्यांना काही अवघडल्यासारखं व्हायचं नाही. अवघडायचो आम्ही, आणि मग कुणीतरी बोलायचंच.

मानसिक विकृतींच्या प्रकरणाचा पहिला तास त्यांनी पुस्तक न उघडता घेतला. म्हणाल्या, "डोक्याचा आजार झालेल्या माणसाला तुमच्या घरी, गल्लीत काय म्हणतात? लाजू नका, तुम्ही काय म्हणता ते मी तुमच्या आईला थोडीच सांगणार आहे." आणि बसल्या. मग एकेक शब्द यायला लागला. येडा. सर्किट. अंगात येतं. बाहेरचं लागलंय. करणी. डोक्यावर परिणाम. नाटकं करतो. पेठकडचा एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडं भूत धरला म्हणतात." मॅडमनी सगळं फळ्यावर लिहिलं. कशालाच हसल्या नाहीत, कशालाच अंधश्रद्धा म्हणाल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "आता बघा. बाहेरचं लागलंय म्हटलं की रिक्षा कुठे वळते?"

"भगताकडे," मागून आवाज आला.

"येडा म्हटलं की?"

"रिक्षाच निघत नाही. घरात कोंडतात."

"नाटकं करतो म्हटलं की?"

"दोन ठेवून देतात मॅडम."

"बरोबर. म्हणजे माणसाला काय झालंय यापेक्षा आपण त्याला काय म्हणतो, यावर त्याचं पुढचं ठरतं. म्हणून माझ्या वर्गात नियम एकच. आधी लक्षण सांगायचं, नाव शेवटी. आणि नाव द्यायचं काम डॉक्टरचं. तुमचं नाही, माझंही नाही."

लक्षण सांगायचं म्हणजे तीन गोष्टी सांगायच्या. माणूस काय करतो किंवा त्याला काय होतं. कधीपासून होतं. आणि त्यामुळे त्याचं काय अडलंय: झोप, जेवण, काम, माणसं. "वेगळं वागणं म्हणजे आजार नाही," असं त्या दर तासाला सांगायच्या. "एखादा माणूस चार मांजरं पाळतो आणि त्यांच्याशी बोलतो. त्याचं काही अडत नाही, कुणाला त्रास नाही. बोलू द्या." त्यांचा आणखी एक दाखला होता. एक पाहुणा दिसला म्हणून त्या घरी लग्न आहे असं कुणी म्हणत नाही. मांडव हवा, वाजंत्री हवी, पंगत हवी. तसं एक लक्षण दिसलं म्हणून आजार झाला असं नसतं. उदास वाटणं हा पाहुणा. कित्येक आठवडे मन कशातच रमत नाही, झोप उडाली, अन्न नको, अंगात त्राण नाही, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतंय, हे सगळं एकत्र आलं तर मात्र दवाखान्यात जायचं. आणि जगणं नको असं कुणी नुसतं बोलून गेलं तरी थट्टा समजायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी घेऊन जायचं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. 

हे प्रकरण सुरू झालं की वर्गात साथ यायची. चिंता शिकवली की अर्ध्या पोरींची छाती धडधडायची. भीतीचे प्रकार शिकवले की एकीला लिफ्टची भीती निघाली, आणि आमच्या कॉलेजला लिफ्टच नव्हती. छिन्नमनस्कता शिकवली, म्हणजे जे कुणालाच ऐकू येत नाही ते आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाइटावर आहे असं पक्कं वाटणं, तर किरण नावाचा मुलगा तास संपल्यावर मागे राहिला. पण त्याची तक्रार आधीच्या धड्यातली होती.

"मॅडम, मला तो उन्माद झालाय. झोप येत नाही, डोक्यात आयडियाच आयडिया, खूप बोलतो, पैसे पण उडवले."

"कधीपासून?"

"पंधरवडा झाला."

"रात्री काय करतोस?"

"मंडळाचं डेकोरेशन करतोय."

"पैसे कशावर उडवलेस?"

"थर्माकोल बंद झालाय ना, पुठ्ठे आणले."

"मागच्या वर्षी विसर्जनानंतर झोप आली होती?"

"दोन दिवस उठलोच नाही मॅडम."

"मग तुला गणपती झालेत. जा."

आम्ही दारात उभ्या राहून ऐकत होतो. त्या दिवसापासून किरण कॉलेजात गणपती झाला तो कायमचा. पण तो गेल्यावर मॅडम हसून आम्हाला म्हणाल्या, "तो विचारायला आला हे चांगलं केलं त्याने. विचारायला न येणाऱ्यांची मला काळजी वाटते."

त्यांची स्वतःची एक खोड होती. स्कूटर लावली, कुलूप घातलं, चार पावलं चालल्या की परत जाऊन हॅण्डल ओढून बघायच्या. एकदा पोरांनी ते पाहिलं आणि तासाला कुणीतरी हळूच म्हणालं, "मंत्रचळ." पुस्तकात त्याला कल्पना-कृती अनिवार्यता असं लांबलचक नाव आहे. जुन्या मराठीत मंत्रचळ. वर्ग हसला. मॅडमही हसल्या.

"एकदा बघते मी," त्या म्हणाल्या. "बघितलं की माझं समाधान होतं आणि मी तुमचं डोकं खायला येते. समजा, बघूनही समाधान झालं नसतं. घरी गेले असते आणि तिथून पुन्हा इथे आले असते. घरच्यांना विचारलं असतं, मी कुलूप लावलं ना? त्यांनी हो म्हटलं असतं आणि ते घटकाभर पुरलं असतं. ते खोटं आहे हे मला कळलं असतं, तरी थांबता आलं नसतं. तर तुम्ही हसला नसता."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. 

तास संपल्यावर मॅडमकडे गेले आणि नियमाप्रमाणे दादांचं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं नाही. काय करतात, कधीपासून करतात, काय अडलंय.  मी संपवल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं सांगितलंस. मीही नाव देणार नाही. मनाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. सरकारी दवाखान्यात त्यांची ओपीडी असते, खर्चाची चिंता करू नको. काय अडचण आहे?"

"ते येणार नाहीत. म्हणतात, मी काय येडा हाय का?"

"मग मी येते. रविवारी चहा ठेव."

आईला हे आवडलं नाही. कॉलेजच्या मॅडमसमोर घरातलं निघणार, याची तिला लाज वाटत होती. तिने एक युक्ती काढली होती: बीपी तपासायचं म्हणून दादांना न्यायचं आणि तिथे गेल्यावर डॉक्टर काय ते बघतील. मॅडम आल्या, उंबऱ्याशीच आईने त्यांना हे कानात सांगितलं. मॅडम तिचा हात धरून म्हणाल्या, "ताई, तसं नाही करायचं. फसवून नेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आणि यात दुसऱ्यांदाच जास्त जावं लागतं."

दादा भिंतीला टेकून बसले होते. घरी बसल्यापासून ते कुणाच्या नजरेला नजर देत नसत. मॅडमनी त्यांना दुखणं विचारलंच नाही. काम विचारलं. बुश म्हणजे काय, भोक किती मोठं, हाताने कळतं का. दादा आधी एकेका शब्दात बोलले. मग उठून खणातून एक जुना बाद गेज काढून आणला.

"हे बघा. ह्या बाजूनं आत गेला पाहिजे. ह्या बाजूनं जाता कामा नाय. दोन्ही झालं की माल ओके."

"आणि भाऊ, गेजच खराब झाला असेल तर?"

"होतो ना. घासून घासून होतो."

"मग त्याला कळतं का?"

"गेजला कसं कळल? तो आपला चांगला माल बी खराबच दाखवत राहतो." दादा बोलता बोलता थांबले.

मॅडम बशीतला चहा फुंकत बसल्या. आई बोलायला गेली, तर मॅडमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हातातला गेज उलटसुलट करत दादा म्हणाले, "कॅलिब्रेशनला पाठवावा लागतो. बाहेर. मास्टर गेजवर लावून बघतात."

"फेकून देतात का त्याला?"

"नाय. चांगला गेज फेकत नसतात." मग खाली बघत म्हणाले, "कधी जायचं?"

पहिल्या दिवशी मॅडम बरोबर आल्या, पण डॉक्टरांच्या खोलीत आल्या नाहीत. "आत मी काय करू? मी मास्तरीण." बाहेरच्या बाकावर शेंगा सोलत बसल्या. डॉक्टरांनी दादांना नाव सांगितलं, आजार सांगितला आणि हा आजार असलेले पुष्कळ लोक असतात हेही सांगितलं. बाहेर आल्यावर दादा मॅडमना म्हणाले, "ह्याला नाव हाय म्हणतात. आन गोळी बी." त्यांचा आवाज मोकळा झाला होता. आपल्यासारखं जगात दुसरं कुणीच नाही, असं ते इतकी वर्षं धरून बसले होते.

गोळ्यांचा गुण यायला वेळ लागला. मधे एकदा दादांनी त्या बंद केल्या, पुन्हा सुरू केल्या. पण गोळ्यांपेक्षा अवघड काम आमच्याकडे आलं. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, की दादांनी गॅस एकदाच बंद करायचा आणि तिथून उठायचं. जीव घाबरा झाला तरी बसून राहायचं. ती घबराट आपोआप ओसरते. आणि घरच्यांनी "बंद हाय" म्हणायचं नाही. आम्ही मायेने देत होतो त्या उत्तरावरच तो आजार पोसला जात होता.

आई ऐकेना. "माणूस घामाघूम होऊन विचारतंय आन मी गप बसू? मी काय दगड हाय?" आणि ती हळूच सांगून टाकायची. मी कॉलेजात मॅडमना सांगितलं. त्या पुन्हा एका रविवारी आल्या.

चहा झाला. दादांनी स्वतः उठून शेगडी बंद केली आणि येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांचा गुडघा हलायला लागला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. मग ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तिथून दिसतंय. बंद हाय ना?"

मॅडमना खरंच तिथून दिसत होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या घोटीकडे इंद्रायणी चांगला होतो की कोळपी?"

"मॅडम, नुसतं हो म्हणा."

"नाही म्हणणार. तांदळाचं सांगा."

दादांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं ते आता उठतील. ते म्हणाले, "इंद्रायणी." मग बोलले की पाणी धरून ठेवणारी जमीन पाहिजे. मग थांबले. मॅडमनी विचारलं, भाताला चिकटपणा कशाने येतो. असं करत करत, अडखळत, दादा रोपं लावायच्या आवणीपासून झोडणीपर्यंत पोचले. मॅडम मधेमधे मुद्दाम चुकीचं बोलायच्या आणि दादा त्यांना दुरुस्त करायचे. "तुम्ही बाजरीवाले, तुम्हाला काय कळतंय भातातलं," असं ते म्हणाले तेव्हा आई एकदम हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादांचा गुडघा थांबला होता. कधी थांबला ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

निघताना मॅडम आईला म्हणाल्या, "पाहिलंस ना माय? तू दगड नही शे. तू गप्प बसलीस म्हणून ते बसू शकले." त्यानंतर आईने ते उत्तर पुन्हा दिलं नाही. दादा चिडायचे, जेवायचे नाहीत, एकदा तर म्हणाले, "तुम्हा मायलेकींना त्या बाईनं फितवलंय." आई म्हणाली, "हो फितवलंय. भाजी घ्या."

मॅडमचं मोठेपण मी वाढवून सांगत नाही. दादांना बरं केलं ते डॉक्टरांनी, समुपदेशक बाईंनी आणि सगळ्यात जास्त दादांनी स्वतः. मॅडमनी स्वतः हे मला ठणकावून सांगितलं होतं. मी एकदा वर्गात म्हणाले, "मॅडममुळे माझे वडील…" तर त्यांनी मला तिथेच अडवलं. "माझ्यामुळे तुझा पेपर चांगला गेला तर सांग. बाकी श्रेय ज्याचं त्याला दे."

मी तिसऱ्या वर्षाला असताना त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. भावाकडे सटाण्याला राहायला जाणार होत्या. जायच्या दिवशी सकाळी आमच्याकडे येऊन गेल्या, हातात कापडी पिशवी, पाठीला सॅक, पायात तेच बूट. आई आणि मी डब्यांच्या घाईत होतो. दादा म्हणाले, "मी सोडतो बाईंना स्टॅण्डवर." पिशवी त्यांनीच घेतली.

दादा तोवर अंबडच्या एका कारखान्यात कामाला लागले होते. त्यांना पहिल्या पाळीला हजर व्हायचं होतं, म्हणून ते निघतानाच कामाचे कपडे घालून निघाले. मी खिडकीतून बघत होते. मॅडम पुढे भराभर चालत होत्या आणि हात हलवत दादांना काहीतरी पटवून देत होत्या. दादा मान हलवून नाही म्हणत होते. दोघं तसेच भांडत भांडत कोपऱ्यावरून वळले. मॅडमचं मला झालेलं हे शेवटचं दर्शन. आता फोनवर आवाज ऐकते, पण भेट नाही.

दादा अजून अंबडच्या त्याच कारखान्यात आहेत, चेकिंगलाच. गोळी अजून चालू आहे, कमी झाली आहे. एक बुश ते एकदाच तपासतात आणि त्यांचा माल वेळेवर टेम्पोत चढतो. मी मानसशास्त्रात बी.ए. झाले, मग एम.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मी. आज सातपूरच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या आईबापांना मी आधी आजाराचं नाव विचारत नाही.